घरमालकाचा कागद

आमच्या घरी दोन गाड्या आहेत, आणि माझी आई त्यांतल्या एकाच गाडीत बसते. ती गाडी माझी नाही.

ती हेल्गाची आहे. हेल्गा मूळची जर्मनीची, वय बासष्ट. आमच्या मांद्र्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत ती गेली आठ वर्षं भाड्याने राहते. तिचा नवरा आमच्याच गावचा, जहाजावर इंजिनियर होता. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता आपल्या देशी परत जाणार. बाई गेली नाही. तिने माझ्या आईकडून पेज करायला शिकून घेतली आणि त्याच चुलीपाशी भाषाही शिकून घेतली. गुरू एकच असल्यामुळे ती हुबेहूब आईसारखी बोलते, म्हणजे जगातल्या प्रत्येक माणसाला 'तू' म्हणते आणि रागावली की पुढे 'मेल्या' जोडते. मी चौतीस वर्षं शाळेत काढलेला निवृत्त मुख्याध्यापक, शिवाय तिचा घरमालक. मलाही 'मेल्या'च!

दर सोमवारी हेल्गा आईला आपल्या गाडीतून देवळात नेते. गाडीचा वेग बैलगाडीला लाजवणारा. आईने "रव गो" म्हटलं की ती थांबते, मग आई खिडकीतूनच कुणाच्या तरी सुनेची चौकशी करते, अळूची पानं मागून घेते आणि यात्रा पुढे निघते. माझ्या गाडीत मात्र आई बसत नाही. "दत्तूच्या गाडयेत बसलंय काय माझी आतडी तोंडात येतत," असं ती पाहुण्यांसमोर सांगते. (मी ब्रेक जरा ठामपणे मारतो, एवढंच.)

तर आईच्या माहेरची, हळर्णची जत्रा शनिवारी होती. तिची धाकटी बहीण तिथेच दिलेली. एक ब्याऐंशीची, दुसरी एकोणऐंशीची. दोघी भेटतात त्या वर्षातून एकदा, जत्रेला. मागच्या वर्षी आईचा पाय मोडला होता, भेट चुकली. त्यामुळे या वर्षी तिने महिनाभर आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "आमी दोगीव पिकली पाना. औंदा नाय गेलंय तर फुडल्या वर्सा कोण कोणाक बघतला?"

आणि मंगळवारी संध्याकाळी हेल्गा आमच्या ओसरीवर येऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आये, माझा लायसन शुक्रवारी संपता."

"संपांदी," आई म्हणाली. "शनवारी सकाळी आठाक निघाया."

"नाय. लायसन नसात तर मी चाक हलवूचंय नाय. हातभर पण नाय!"

आईने तिला समजावलं की हळर्णच्या वाटेवर पोलीस नसतो, असला तर तो आपल्याच भाच्याचा मेव्हणा असतो. हेल्गा बधली नाही. आईचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, "आई, मी नेतो की तुला." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

पण माझ्यातला मास्तर जागा झाला होता. पेडणे तालुक्यात माझा विद्यार्थी नाही असं सरकारी ऑफिस नाही. जिथे विद्यार्थी नाही तिथे विद्यार्थ्याचा सासरा आहे. मी म्हणालो, "हेल्गाबाय, तू काळजी करू नकोस. वाहतूक खात्यात माझी वळख आहे."

"माका वळख नको," हेल्गा म्हणाली. "मी ऑनलाइन सगळा भरलंय. डॉक्टराचा सर्टिफिकेट घेतलंय. शुक्रवारी अकराची येळ गावली. तू फकत ये. घरमालकाचो कागद व्हयो."

फक्त ये! मला हे जरा लागलंच. वशिल्याशिवाय सरकारी काम होतं ही कल्पनाच मला उद्धट वाटली. मी ठरवलं की जायचं तर थाटात, आणि माझ्याच गाडीतून.

शुक्रवारी आम्ही चौघं निघालो. माझी बायको शालन ओटीचं सामान घ्यायला पेडण्याच्या बाजारात उतरणार होती. आई आली, कारण "लायसन माझ्या डोळ्यान बघितल्याशिवाय माका झोप येवची नाय." एका हातात लिंबू आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन, डोळे गच्च मिटून ती मागे बसली.

वाटेत मी हेल्गाला वाहतुकीचे नियम समजावून सांगत होतो. आमच्या शाळेत रस्ता सुरक्षेवरचं भाषण दर वर्षी मीच करायचो, त्यामुळे मला ते तोंडपाठ आहे. मोपाच्या विमानतळावरून आलेली भाड्याची एक गाडी माझ्या उजवीकडून सुसाट गेली, तेव्हा मी काच खाली करून ओरडलो, "अरे, तुला लायसन्स दिलं कुणी?" मागून आईने देवाचं नाव घेतलं. शालन बाजारात उतरली ती मागे न बघता गेली.

ऑफिसात हेल्गाने टोकन घेतलं, चौदा नंबर. बारावा चालू होता. ती बाकावर आईशेजारी हात बांधून बसली. मला काही ते पाहवेना. मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी आतून बघतो." आणि वळख शोधायला निघालो.

पहिल्या खोलीत माझा विद्यार्थी नव्हता. दुसऱ्या खोलीत एक होता, पण तो स्वतःच स्कूटरच्या कामासाठी आला होता आणि मलाच म्हणाला, "सर, हांगा तुमच्या वळखीचो कोण आसा?" तिसऱ्या खोलीत चहा मिळाला. तिथल्या कारकुनाचे वडील माझ्याबरोबर शाळेत होते, मग त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत ऐकणं भाग पडलं. मी विजयी मुद्रेने बाहेर आलो तेव्हा फळ्यावर सतरा नंबर चमकत होता, आणि हेल्गा उभी होती.

"चौदा झालो," ती म्हणाली. "त्येनी विचारल्यान, घरमालक खंय? मी काय सांगू? चाय पिता?"

नवीन टोकन मिळालं एकतीस.

"आता वगी बस मेल्या, हांगाच!" हेल्गा म्हणाली. अख्ख्या बाकाने सरकून मला जागा दिली. जागा दिली म्हणण्यापेक्षा मला मध्ये घेऊन दोन्ही बाजूंनी अडवलं.

बारा वाजता एकतीस नंबर आला. जनेलापलीकडे, म्हणजे खिडकीपलीकडे, पाहतो तर सगुण! माझा सगुण, सातवी ब, गृहपाठ न केल्याबद्दल मी त्याला महिन्यातून निदान चारदा बाकावर उभं केलं होतं. तो मला बघून ताडकन उभा राहिला. (सवय!) मी हेल्गाकडे असा कटाक्ष टाकला की त्यात सगळं आलं.

सगुणने हेल्गाची फाइल पाहिली. पासपोर्ट, राहण्याचा परवाना, डॉक्टरचा दाखला, भाड्याचा करार, सगळं एकावर एक लावून ठेवलेलं. "एकदम बरोबर आसा," तो म्हणाला. "सर, आता फकत तुमचो ओळखीचो कागद. खंयचोय चलता. फकत मुदत आसपाक जाय, संपिल्लो नाका."

मी पाकिटातून माझं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आणि जनेलातून आत सारलं. हुकुमाचं पान टाकतात तसं.

सगुणने ते हातात घेतलं आणि कपाळाला लावलं. कारण असं की माझ्या लायसन्सवर आमच्या ग्रामदेवाचं पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र चिकटवलेलं आहे. आईनेच चिकटवलं होतं, कित्येक वर्षांपूर्वी, मी पहिल्यांदा चारचाकी घेऊन घरी आलो त्या आठवड्यात. पुढे लायसन्स बदलून कार्ड आलं तर तिने त्यावर दुसरं चिकटवलं. तेव्हापासून रस्त्यात कुठेही पोलिसाने अडवलं की तो लायसन्स बघतो, देवाला हात जोडतो आणि परत देतो. माझ्या चोख वागण्याचा हा परिणाम, असं मी धरून चाललो होतो.

सगुण घुटमळला. "सर... मुदतीची तारीख देवाच्या फोटोखाली आसा."

"मग?"

"माका ती कंप्युटरार घालची पडटा. देव... मातसो काढूक जातलो?"

"काढ की."

"हांव?" सगुणने हात मागे घेतले. "ना सर. तुमी काढा." मीही हात मागे घेतले. शेवटी ज्यांनी बसवला त्यांनीच उठवावा असं ठरलं, आणि बाकावरून आईला आणण्यात आलं.

आईने लायसन्स जनेलाच्या फळीवर ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या जाग्यार तुझी लेकरा कागदासाठी उबी आसत..."

"व्हय म्हाराजा!" मागच्या रांगेतून चाळीस-पन्नास माणसांचा आवाज उठला. त्यांचाही इलाज नव्हता. आमच्याकडे गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडातून 'व्हय म्हाराजा' आपोआप बाहेर पडतं.

"...तुका ह्या जाग्यावरसून उठयतंव, राग धरू नको..."

"व्हय म्हाराजा!"

"...आणि ह्या पोराच्या हातसून काय चूक झाली आसात तर ती पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!" यात हेल्गाचा आवाज सर्वांत मोठा होता.

आईने नखाने हलकेच देवाला सोडवलं. सगुणने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. मग पुन्हा जवळ.

"सर, हें संपलां."

"कधी? आज?"

"सात वर्सां जालीं, सर."

रांगेतून या खेपेला कुणी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. तेवढी माणुसकी अजून शिल्लक आहे.

"सर, तुमी हांगा कशे आयल्यात?" सगुणने अत्यंत आदराने विचारलं.

"गाडीने."

"गाडी कोणे चलयली?"

मी छताकडे पाहिलं. पंखा चांगला फिरत होता. हेल्गाने मात्र माझ्याकडून नजर काढली नाही. "सात वर्सा," ती हळूच म्हणाली. "आणि माका नियम शिकयता!"

मला माझ्या अब्रूचं वाईट वाटलं हे खरं. पण शेजारी आई उभी होती, तळहातावर देव घेऊन, आणि तिला एवढंच कळलं होतं की हेल्गाचं काम अडलं. "म्हणजे उद्या जावचा नाय?" तिने विचारलं. तो आवाज ऐकून मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

सगुण म्हणाला, "आजी, एक वाजता जनेल बंद करतां. तेच्या आदी सरांचां आधारकार्ड हाडा."

माझं आधारकार्ड शालनच्या पर्समध्ये असतं. (माझ्याकडे ठेवलं की हरवतं असा तिचा आरोप आहे.) मी तिला फोन लावला. तो आईच्या पिशवीत वाजला.

धावत गाडीपाशी गेलो आणि सवयीने उजवीकडचं दार उघडलं. हेल्गाने हात पुढे केला. तिचं लायसन्स रात्रीपर्यंत चालू होतं. मी किल्ली दिली आणि मागे जाऊन बसलो. आई पुढे बसली, लिंबू तिने माझ्या हातात दिलं.

बाजारात शालन कापडाच्या दुकानात सापडली. तिच्यासमोर खणांचा ढीग होता आणि दुकानदार आणखी काढत होता. "बरे आलात," ती म्हणाली. "सांगा, हिरवो बरो काय जांभळो?"

"आधारकार्ड दे! माझं लायसन्स संपलंय."

"आता? गाडी चलयता चलयता?"

"सात वर्षांपूर्वी."

शालन खणांच्या ढिगावर बसून हसत सुटली. माझ्या बायकोला इतकं हसताना मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं. दुकानदाराने मला स्टूल दिलं, पाणी दिलं. वेळ नाही असं मी ओरडत होतो, तो सांत्वन करत होता. अखेर तिने डोळे पुसत पर्समधून कार्ड काढलं, आणि देवीसाठी हिरवा खण मीच पसंत केला, कारण तो हाताशी होता.

एकला पाच कमी असताना आम्ही जनेलापाशी पोचलो. सगुण थांबला होता. हेल्गाचा फोटो झाला, सही झाली, आणि सगळं मिळून चार मिनिटं लागली. मग त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. "सर, तुमकां शिकाऊ लायसन्सापासून परत करचां पडटलां. आदी नियमांची परीक्षा आसा." जरा थांबून, खाली मान घालून, तो पुढे म्हणाला, "वाचून येवा हां, सर."

संध्याकाळी हेल्गाच्या फोनवर नव्या मुदतीचं लायसन्स दिसायला लागलं. आईने फोनच्या काचेला कुंकू लावलं.

शनिवारी आठाला आम्ही निघालो. हेल्गा चालवत होती, आई पुढे, मी आणि शालन मागे. माझ्या मांडीवर ओटीची परडी आणि पायांत पाच नारळ. आई दर मैलाला "रव गो" म्हणत होती. हळर्णला पोचायला पावणेदोन तास लागले, आणि कुणाचीही आतडी तोंडात आली नाही.

मावशी दारातच खुर्ची टाकून बसली होती. आई उतरली, तिच्यापाशी गेली, आणि दोघी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. शालन डोळे पुसायला लागली. मीही लागलो असतो, पण मला वेळ नव्हता. हेल्गाला गाडी मागे घ्यायची होती, म्हणून मी भर जत्रेच्या गर्दीत उभा राहून, गाडीच्या मागच्या काचेवर थापा मारत, "येवंदे, येवंदे, आनी थोडा येवंदे," असं ओरडत होतो.

मावशीने तिकडे पाहिलं. "गो बाय, ही गोरी कोण?"

"ती आमची ड्रायव्हर."

"आणि आमचो दत्तू मास्तर असो मागे रवान कित्याक बोवाळता?"

"तो?" आई म्हणाली. "तो क्लीनर."

मी ऐकलं, आणि काचेवर आणखी एक थाप मारली. तालुक्यात एवढं एकच काम होतं, ज्याला लायसन्स लागत नाही.