शेवटच्या खाटेची ओळ

आमच्या घरी लिंबू सरबतासाठीच आणलं जातं – दाराला टांगायला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल गैरसमज नको.

अठ्ठ्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपुरात, धंतोलीतल्या एका धर्मादाय दवाखान्याचं स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. कोणाला बिनमिठाचं, कोणाला पातळ, कोणाला साधं – वॉर्डावार जेवणाची यादी मी हाताने करायचे. मग ट्रस्टींनी कॉम्प्युटर आणला आणि तो चालवायला सुनंदाला टेम्पररी घेतलं. नवऱ्याचं काम सुटलेलं, घर तिच्यावर. अट साफ होती : ट्रस्टी येऊन बघतील, यादी बरोबर निघाली तर ती कायम, नाही तर मशीनही परत आणि तीही.

स्प्रेडशीटमध्ये एका पेशंटची एक ओळ. बायकांच्या वॉर्डातल्या सगळ्या ओळींना मिळून 'फीमेल' हे एक नाव दिलेलं. 'फीमेल'ची बेरीज मागितली की कोणती ताटं किती, ते समोर यायचं. पेशंट घरी गेली की सुनंदा तिची ओळ उडवायची. आठवडाभर सुरळीत चाललं. नेमकं ट्रस्टी यायच्या सकाळी बेरजेच्या प्रत्येक चौकटीत एरर!

"कशाला हात लावलास गं?"

"कशालेच नाही बाई. रोजच्यासारखी एक ओळ उडवली, बस." तिने कीबोर्डवरून हात मागे घेतले. "आता मले घरीच पाठवतीन न?"

फोन आदल्या दिवसापासून बंद... बाहेर रस्ता खोदताना केबल तुटली होती. म्हणून दवाखान्याच्या माळ्याला सायकलवर सीताबर्डीला, मशीन देणाऱ्या कंपनीच्या राऊत इंजिनिअरकडे पाठवलं. तो गेला आणि थोड्या वेळाने फोन वाजला. त्या घाईत हा वाजायला नको होता, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

"राऊत भाऊ आहेत," म्हणत सुनंदाने रिसीव्हर आमच्या दोघींच्या मध्ये धरला.

"ताई, काल मधल्या खाटेवरची घरी गेली होती न? आज शेवटच्या खाटेवरची गेली. मशीन त्या नावाची फक्त पहिली अन् शेवटची ओळ ध्यानात ठेवते. तुम्ही शेवटचीच उडवली, तं नाव कोलमडलं. खाली एक रिकामी ओळ ठेवा, तिले धरून नाव पुन्हा द्या. अन् ते रिकामी ओळ कधीच उडवू नका."

तसं केलं. एरर गेली. ट्रस्टी आले, यादी निघाली, मी वॉर्डात जाऊन ताडून पाहिली – बरोबर. "कायम समजा," म्हणाले. सुनंदा आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायली.

दुपारी राऊत घामाघूम होऊन आले, हातात फ्लॉपींचा डबा.

"सगळं पुसून नव्यानं टाकावं लागते, म्याडम. दुसरा इलाज नाही."

"आता कशाला? तुम्ही फोनवर सांगितलंत तसं केलं की आम्ही."

"मी? मी तं सकाळपासून गावाबाहेर, कन्हानले दुसऱ्या मशीनवर बसलो होतो. तुमचा निरोप आता भेटला. अन् तुमचा फोन बंद आहे म्हणे न?"

मी रिसीव्हर उचलला. मुका. केबल जोडली गेली ती पुढच्या आठवड्यात.

सुनंदाने त्यांना फोनवरचं सगळं ऐकवलं, रिकामी ओळ दाखवली. ते स्क्रीनवर वाकून बघत राहिले.

"हे तं मलेच माहीत नव्हतं," म्हणाले. "आवाज कोणाचा होता?"

"तुमचाच, भाऊ."

ते हसले नाहीत.

मी माझ्या पद्धतीने शक्यता तपासल्या. केबल घटकाभर जुळली असेल – मानलं. आवाज सारखा वाटला असेल – तेही मानलं. पण कोणत्या खाटेवरची बाई कधी घरी गेली, हे वॉर्डातल्या सिस्टर आणि आम्ही दोघी सोडून कोणाला ठाऊक? सिस्टरला विचारलं. तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

राऊत पुढे बरीच वर्षं मशीन बघायला येत. दुसऱ्या कोणा गिऱ्हाइकाची अशीच अडचण आली की आमच्याच फोनवरून त्याला इलाज सांगायचे... शब्द न शब्द तोच. ते तो आमच्याकडून शिकले होते. आम्ही तो त्यांच्याकडून. याच्या पुढे मला आजही काही सांगता येत नाही.