मोगऱ्याला झापताना

मंडळी, बागकाम का करतेस असं कोणी विचारलं की मी "बीपीसाठी" म्हणते. साफ खोटं. तंजावूरच्या आमच्या गच्चीवर अकरा कुंड्या आहेत, आणि आई गेल्यापासून मी मराठीत मनमोकळं बोलते ती त्यांच्याशीच. मुलाशी मराठीत बोललं तर त्याला समजतं, पण तो उत्तर तमिळमध्ये देतो. कुंड्या उत्तरच देत नाहीत, म्हणून त्यांच्याशी माझं पटतं.

आज सकाळी कळी न धरणाऱ्या मोगऱ्याला झापत होते. "फुकट पाणी पितोस, फुकट ऊन खातोस, सरकारी पाहुणा आहेस का रे?"

शेजारच्या मामी कठड्यापलीकडून खळखळून हसल्या. "अगं, पाच वर्षं तू झाडांना ओरडतेस, मला एक अक्षर कळत नाही. आज सगळं कळलं बघ!"

मीही हसले. मग हातातला पाइप तसाच राहिला. मामींना मराठी येत नाही. म्हणजे मी तमिळमध्ये झापत होते, आणि माझं मलाच कळलं नव्हतं.

खाली येऊन मुलाला सांगितलं. त्यानं मोबाइलमधून मान वर केली आणि तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, हल्ली तू माझ्याशीही तमिळच बोलतेस. मला वाटलं, तुला माहीत आहे."

तुम्हीही आज घरात कोणाला तरी विचारून बघा, आपण नक्की कोणत्या भाषेत बोलतो ते. मी संध्याकाळी पुन्हा गच्चीवर जाणार आहे. माझं मराठी चुकलं तर सांगायला आता फक्त मोगरा उरलाय, आणि तो बोलत नाही.