पक्की पडवी

नवऱ्याचं घर सोडून मी कशेळ्याजवळच्या आमच्या गावी, बाबांकडे परत आले, तेव्हा सगळ्यांनी ते तात्पुरतं धरलं. राग निवळला की जाईल, असं चुलती शेजारणींना सांगायची. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, शेलूला फ्लॅट घेतलाय. त्याचं इथलं कपाट रिकामंच होतं, तरी त्यात माझे कपडे लावू दिले नाहीत. बॅगेतच असू दे, म्हणाला. बॅगेतून कपडे काढत घालत मी दोन पावसाळे काढले आणि कर्जतला एका दवाखान्यात नोकरी धरली.

तिसऱ्या पावसाळ्यात पडवीचा जुना कोबा खचला. झडीचं पाणी आत यायचं, साचायचं, शेवाळ धरायचं. बाबा काठी टेकत चालतात. एका सकाळी काठी सरकली आणि ते खांबाला मिठी मारून कसेबसे उभे राहिले. दादाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, वरून प्लास्टिकची चटई टाक. तुला कुठे कायमचं राहायचंय?

त्यानंतर चटई आणणं शक्यच नव्हतं.

कर्जतच्या दुकानात जाऊन मी सगळ्यात टिकाऊ काय आहे ते विचारलं. दुकानदारानं लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या दाखवल्या. फार्महाऊसवाले त्याच नेतात. खाली लोखंडी सांगाडा, दोन फळ्यांत बारीक फट. पाणी निघून जातं, वाळवी लागत नाही, पाय सरकत नाही. माप कसं घ्यायचं विचारलं, तर म्हणाला, घरातल्या माणसाला घेऊन या. मीच घरातलं माणूस आहे, असं सांगून मी नमुन्याचा एक तुकडा मागून आणला. तो पागोळ्यांखाली ठेवला, मग गोठ्यामागच्या वारुळात खोचला. चुलती हसली. पाऊस संपल्यावर काढून धुतला, तर होता तसाच होता. दिवाळी झाल्यावर माझ्या पगारातून फळ्या घेतल्या आणि टेंपोनं घरी आणल्या.

कशेळ्याचा वेल्डर सांगाडा घेऊन आला खरा, पण सामान उतरवेना. दादानं त्याला फोन केला होता. घर बाबांच्या नावावर आहे, बहीण उद्या हक्क सांगेल, काम करू नकोस, असं.

"ताई, पहिलं घरात मिटवून घ्या," तो म्हणाला.

"मिटवायचं काय? मालक इथंच बसलेत. त्यांना विचारा."

बाबा उंबऱ्यापाशी बसून ऐकत होते. ते मुळात कमी बोलतात. मी आल्यापासून राहा म्हणाले नव्हते, की जा म्हणाले नव्हते. त्यांनी एक फळी मांडीवर घेतली, नखानं खरवडून पाहिली.

"किती वर्सं टिकंल रं ही?"

"आपल्या मागंबी राहील, काका."

"मंग बसव. ती पन हितंच रानार हाय."

मला तिथे रडायचं नव्हतं. मी पहार उचलली आणि उरलेला कोबा फोडायला लागले.

बाबा नाही म्हणाले असते तर काय केलं असतंस, असं मैत्रिणी विचारतात. भाड्याची खोली घेतली असती आणि तिथे बसवल्या असत्या. फळ्या माझ्या होत्या.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. चैत्राच्या उन्हात फळ्या फुगल्या आणि पायरीजवळची एक वर उचलली; टोकाला जागा सोडायची राहून गेली होती. दादा नेमका तेव्हा आला होता. त्यानं तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, पैसे पाण्यात. मी स्क्रू काढले, फळीचं टोक करवतीनं कापलं, परत बसवली आणि त्याच ग्रुपवर फोटो टाकला. खाली काही लिहिलं नाही.

गणपतीत तो आला, तेव्हा अंगणात खुर्ची मागवून बसला. मी खुर्ची दिली, चहाही दिला. वर ये म्हणून विनवलं नाही. वहिनी मात्र चपला काढून सरळ वर आली आणि बाबांशेजारी मांडी घालून बसली.

अलीकडे चुलती माझ्यासाठी एक स्थळ घेऊन आली. माणूस सरळ आहे, खोपोलीला नोकरी आहे, पहिली बायको वारली. मी म्हटलं, इकडे येऊन राहील का, तेवढं विचार. बाबा खाली मान घालून हसत होते. चुलती अजून विचारून आलेली नाही.