दादाच्या होडीतली लाकडी जमीन

दादा आजारी पडला तेव्हा त्याच्या होडीचं काय करायचं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता. अर्धांगवायूचा झटका आलेला. उजवा हात-पाय निकामी, बोलणं अडखळत. हॉस्पिटलमधून त्याला बाळकुमच्या घरी आणलं, त्यानंतर काही दिवसांनी त्याने मला डाव्या हाताने जवळ बोलावलं आणि शब्द जोडत जोडत म्हणाला, "खाली... पाणी... बघ."

मला वाटलं त्याला तहान लागलीय. वहिनी मात्र चादर बदलता बदलता म्हणाल्या, "होडीचं म्हणतायत. दुसरं काय असणार?"

दादाचं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं. निवृत्त झाल्यावर लोक गावी घर बांधतात, त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली. खाडीच्या धक्क्याला ती बांधलेली असायची. पोटात एक केबिन, उभं राहिलं तर डोकं जेमतेम टेकणार नाही एवढी. दोन बाकं, एक शेगडी आणि खाली सागवानी फळ्यांची जमीन. मी तिथे एकदाच गेले होते, तेही चपला हातात घेऊन, कारण दादाने चपलांसकट पाय ठेवू दिला नव्हता.

मी डोंबिवलीला एकटी राहते. शाळेच्या ऑफिसातली नोकरी, रविवार मोकळा. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

पहिल्यांदा केबिनचं दार उघडलं तेव्हा ओल्या गोणपाटासारखा वास आला. फळ्यांच्या कडांना काळी बुरशी धरली होती. फळ्या नुसत्या बसवलेल्या असतात आणि उचलता येतात, हे मला दादानेच सांगितलेलं. उचलल्या, तर खाली होडीच्या तळाशी पाणी साचलेलं. मी ते स्पंजने टिपून बादलीत पिळलं आणि घरी येऊन सगळं दादाला सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "उलट्या बाजूने... पुसलंस?"

"नाही."

"पूस. वरून... सगळेच पुसतात."

असंच मी शिकत गेले. दर रविवारी आधी होडी, मग दादा. खाऱ्या पाण्याचे डाग गोड्या पाण्याने, पण फडकं घट्ट पिळून पुसायचे. लाकडात मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत बसतं. बुरशीला व्हिनेगर. फळ्या बाहेर सावलीत उभ्या करून दोन्ही बाजूंनी वाळवायच्या. पॉलिश पेपर मारायचा तो लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवा कधीच नाही. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात, आणि उरलेलं तेल लगेच पुसून काढायचं. तेलाच्या फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही, पसरून वाळवायचं, नाहीतर आपोआप पेटतं. हे शेवटचं सांगायला दादाला बराच वेळ लागला होता, आणि तोवर वहिनी त्याच्या तोंडाची लाळ पुसत उभ्या होत्या.

पावसाळा सरेपर्यंत ती जमीन मधासारखी दिसायला लागली. आणि मला तिथे आवडायला लागलं. मी घरून डबा न्यायला लागले. भरतीच्या वेळी होडी हळूच हलायची, मी गुडघ्यावर बसून फळी घासत असायचे, आणि मला कुणाचीही आठवण यायची नाही. दादाचीसुद्धा. हे ज्या दिवशी लक्षात आलं त्या दिवशी मी फडकं खाली ठेवलं. त्याचा हात गेला म्हणून माझ्या हाताला हे मिळालं होतं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट निघत होती. "काकांची प्रगती छान आहे," ती म्हणाली. "उन्हाळ्यापर्यंत जिना चढतील-उतरतील."

वहिनींनी देवाकडे बघून हात जोडले. मी पण हसले. पण त्याआधी, अगदी क्षणभर, दुसराच विचार आला होता. म्हणजे आता तो होडीवर जाणार. माझ्या बापाच्या जागी असलेला भाऊ पायावर उभा राहणार म्हणून मला वाईट वाटलं होतं. ते कुणाला दिसलं नाही, पण मला स्वतःपासून तोंड लपवायला जागा नव्हती.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. वहिनी मागून आल्या. बादलीत गरम पाणी काढत होत्या, दादाचं अंग पुसायचं होतं. त्यांच्या अंगठ्याला चीर पडली होती, त्यावर पट्टी.

"मी पुसू का आज?" मी विचारलं.

"तुझ्या हाताला तेल आहे," त्या म्हणाल्या. रागाने नाही. मग नळ बंद करून म्हणाल्या, "कसं असतं गं तिथे?"

"कुठे?"

"होडीत. मी कधी खाली उतरलेच नाही. हे म्हणायचे चल, मी म्हणायचे मला मळमळतं. आता तू जातेस आणि येतेस ती अशी... झोप काढून आल्यासारखी दिसतेस."

इतके महिने मी लाकूड पुसत होते आणि त्या माणूस पुसत होत्या. दोघींपैकी एकीलाच खिडकी होती.

"पुढच्या रविवारी तुम्ही जा," मी म्हणाले. "मी दादाजवळ थांबते."

त्या नाही म्हणाल्या, दोनतीनदा म्हणाल्या, मग गेल्या. धक्क्यावरच्या माणसाला मी फोन करून ठेवलेला, त्याने त्यांना हात धरून उतरवलं.

तो दिवस मी विसरणार नाही. दादाला कुशीवर वळवणं, भात भरवणं, बाथरूमला नेणं. मी नेताना तो मान वळवून भिंतीकडे बघत राहिला. दुपारपर्यंत माझी कंबर मोडली. एकदा तो शांतपणे म्हणाला, "तुला... आवडतं ना तिथे?"

खोटं बोलावंसं वाटलं. "हो," मी म्हणाले. "तुझी जागा असूनही."

"मग ठीक," तो म्हणाला आणि डोळे मिटले. ते माफ करणं होतं की थकवा, मी विचारलं नाही.

वहिनी संध्याकाळी आल्या. फळ्या पुसल्या नव्हत्या. उशाला पदराची घडी घेऊन जमिनीवरच झोपल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं, जरा ओशाळून.

आता आम्ही एक रविवार त्या, एक रविवार मी, असं करतो. दादा काठी घेऊन हॉलमध्ये चालतो. होडीचा जिना अजून त्याला जमलेला नाही. डॉक्टर होईल म्हणतात, आणि मी मनापासून होवो म्हणते. म्हणताना एकदा स्वतःकडे बघून घेते, एवढंच.