काय जातं तुझं?

बाबांच्या दहाव्याला तापीच्या राजघाटावर कावळा शिवेना. आला होता तसा. पलीकडच्या दगडावर बसून आमच्याकडे बघत होता. ऊन चढत होतं. गुरुजींना यानंतर अजून एक काम होतं आणि ते ती गोष्ट लपवत नव्हते.

कावळा पिंडाला शिवला नाही की गेलेल्याची काही इच्छा मागे राहिली, असं आमच्याकडे समजतात. मग जवळची माणसं एकेक करून पिंडासमोर वचन देतात. काकांनी हात जोडले, "दादा, बुधवाऱ्यातलं दुकान मी विकणार नाही." कावळा हलला नाही. आत्या म्हणाली, "दादा, माव्याची जिलबी ठेवलीये रे, ये आता." मग कावळ्याकडे बघून, "का तुला गरम पायजे?" दोघंतिघं हसले. मीही हसले. बाबांना जिलबी गरमच लागायची.

मग सगळे माझ्याकडे वळले.

मी बाबांची एकुलती मुलगी, आणि ख्रिस्ती. चोविसाव्या वर्षी याच तापीत, शहराच्या वरच्या अंगाला, मी बाप्तिस्मा घेतला. आमचे पाळक आधी म्हणाले होते, "पाण्यात काही नाही हं. याच पाण्यात म्हशी बसतात. तुम्ही खाली जाता तेव्हा पुरल्या जाता आणि वर येता ते नव्या जिवाने, एवढं ध्यानात ठेवा." घरचं कोणी येणार नव्हतं. पण मी वर आले तेव्हा काठावर बाबा उभे होते. हातात इथल्याच मागावरचा जाडाभरडा टॉवेल. "मला हे पटलेलं नाही," ते म्हणाले. "डोकं पूस. सर्दी होईल."

पुढचं लिहायला संकोच वाटतो. बाबांच्या आजारपणाच्या तीन वर्षांत माझी प्रार्थना बंद पडली. कोणावर रागावून नाही; नळाची धार बारीक होत जावी तशी. रविवारी चर्चला जाण्याऐवजी मी झोपायचे. बायबलवर त्यांच्या तपासण्यांचे कागद साठत गेले.

काकांना यातलं बरंच माहीत होतं. ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "देख बेटा, दादाचा जीव तुझ्यात अडकलाय. एवढंच म्हण, की मी परत आले. मग एक डुबकी मार. ज्या पाण्यानं गेलीस त्याच पाण्यानं परत. मनात काय ठेवायचं ते ठेव. काय जातं तुझं?"

ते दुष्टपणे बोलत नव्हते. त्यांचा भाऊ गेला होता. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे जाण्यासारखं उरलं होतं तरी काय? मी बोलायला तोंड उघडलंही.

पण समोर बाबा होते. पटलेलं नाही, हे ज्यांनी मला तोंडावर सांगितलं आणि तरीही टॉवेल घेऊन उभे राहिले, ते. सगळ्या घरात त्या एका माणसाने माझ्याकडे खोटं मागितलं नव्हतं. आणि त्यांनाच मी आता खोटं सांगायचं, एका पक्ष्याने भात खावा म्हणून? त्याच वेळी लक्षात आलं, की त्या दिवशी पाण्यात मी माझ्या मनाची अवस्था सांगितली नव्हती. मी शब्द दिला होता. मन आटलं म्हणून शब्द आटत नाही. जी तिथे पुरली गेली, तिला हे लोक परत आणणार कुठून?

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "मी ख्रिस्ती आहे. ख्रिस्तीच राहणार."

"ही काय बोलायची जागा आहे?"

"काका, बोल असं तुम्हीच म्हणालात."

"बापावर गेलीये," आत्या पुटपुटली.

कावळा उडून पलीकडच्या काठाला गेला. माझं बोलणं त्याला आवडलं की नाही, मला माहीत नाही. मी त्याला विचारलं नव्हतं. गुरुजींनी दोन मिनिटांत दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला शिववला. इतकं सोपं होतं.

सगळे आंघोळीला उतरू लागले तेव्हा काका म्हणाले, "तू नको येऊ आता पाण्यात."

"का? तापी तुमची एकट्याची आहे?"

आणि मी उतरले. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर, पाळकांनी तेव्हा विचारलेले प्रश्न मी स्वतःला विचारले आणि प्रत्येकाला पुन्हा होय म्हटलं. हा दुसरा बाप्तिस्मा नव्हता. तो एकदाच होतो. होय मात्र पुन्हा म्हणावं लागतं, हे मला उशिरा कळलं. मग डोक्यावरून पाणी जाईल इतकी वाकले. वर आले तेव्हा काठावर माझ्यासाठी कोणी उभं नव्हतं. पदरानेच डोकं पुसलं.

रविवारी चर्चमध्ये एका बाईंनी गाठलं. घाटावर जायला नको होतं, म्हणाल्या. पिंडासमोर उभं राहणं म्हणजे मागे फिरणंच, पश्चात्तापाची प्रार्थना करा.

"बापाला पोचवल्याची?" मी विचारलं, आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. गाणं सुरू झालं तेव्हा मला धड गाता येईना. सर्दी झाली होती.