ऑल क्लिअर न मिळालेला माणूस

पावणेचार वाजता प्रल्हाद खोब्रागडेच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी मॉक ड्रिलचे फोटो निवडत बसलो होतो. वर पाठवायचे होते.

"साहेब, आमचे घरवाले अजून आले नाई. दोनलेच सुट्टी होते त्यायची. मोबाईल बंद येऊन राह्यला."

येतच असतील, असं सांगून मी फोन ठेवला. पुढचा फोटो उघडला. स्ट्रेचरवर डोक्याला पट्टी बांधलेला, कपाळाला लाल रंग फासलेला एक माणूस हसू दाबत पडला होता. हा आमच्या ड्रिलचा 'जखमी'. आणि हाच प्रल्हादचा रिलीव्हर. दोन वाजता त्याने जाऊन प्रल्हादला सोडवायचं होतं.

मी गाडी काढायला सांगितली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका औष्णिक वीज केंद्रात मी इंजिनियर आहे. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण अजून नोकरीत आहे. कोळशाइतकंच आमचं पाण्यावर चालतं. धरणाच्या काठावर पंप हाऊस आहे, प्लांटपासून सात किलोमीटर. तिथून पाणी आलं नाही तर काही तासांत सगळं केंद्र बंद करावं लागतं. तिथे पत्र्याखाली एक ऑपरेटर बसतो. दर तासाला पंपाचे आकडे लॉगबुकात लिहितो. आमच्याकडचा जुना नियम असा, की रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. प्रल्हाद तिथे नऊ वर्षं आहे, ठेकेदाराकडून.

सीमेवर तणाव होता, ते गेल्या वर्षीच्या मे महिन्याचे दिवस होते. टीव्हीवर रोज चर्चा चालायची, युद्ध झालं तर सामान्य माणूस देशासाठी उभा राहील का. आमच्या कॅन्टीनमध्ये सगळे उभे राहायला तयार होते. निम्म्यांच्या डीपीवर तिरंगा होता. मग चीफ साहेबांनी मला एक यादी करायला सांगितली. हल्ला झाला तर बाकी सगळे बाहेर पडतील, पण थोड्या लोकांना आपापल्या जागी थांबावं लागेल. त्यांची नावं आणि सह्या हव्या होत्या.

मी अकरा कायम ऑपरेटरांकडे गेलो. दोघांनी सही केली. एकाच्या आईचं बीपी वाढायचं. एकाची पाठ दुखत होती. एकाने विचारलं, याचा अलाउन्स वेगळा का? कॅन्टीनमध्ये सर्वांत मोठ्याने बोलणारा म्हणाला, "साहेब, ड्रिल आहे तर लिहा माझं नाव. पण खाली लिहा की हे फक्त ड्रिलपुरतं."

उरलेल्या नऊ जागांवर मी ठेकेदारी कामगारांची नावं टाकली. त्यांना विचारलं नाही. सह्याही घेतल्या नाहीत, सुपरवायझरकडून एक शिक्का मारून घेतला. आणि माझं नाव? ते मी 'समन्वयक' म्हणून लिहिलं. समन्वयक एसी कंट्रोल रूममध्ये बसतो.

ड्रिलची वेळ गुप्त होती, म्हणजे आदल्या रात्रीच सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती. ठेकेदारी माणसं त्या ग्रुपमध्ये नाहीत. साडेबाराला सायरन झाला. मी इंटरकॉमवरून प्रल्हादला सूचना दिल्या. शटर खाली कर. मोबाईल बंद ठेव. इंटरकॉम वापरू नकोस. कूलर आणि लाइटचा सप्लाय इथून तोडतो आहे, पंप चालू राहील. ऑल क्लिअर आल्याशिवाय हलायचं नाही.

तो म्हणाला, "साहेब, हे खरं हाय का?"

चीफ साहेब माझ्या शेजारी घड्याळ घेऊन उभे होते. त्यांनी होकाराची मान हलवली. मी म्हणालो, "खरं आहे."

हे वाक्य मी गेले वर्षभर कोणाला सांगितलेलं नाही. चौकशीत मला कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून बोललो नाही.

एक वाजता धोका टळल्याचा ऑल क्लिअर झाला. ग्रुपवर मेसेज पडला. सगळे खाली लॉनवर गेले, फोटो झाले, समोसे झाले. जखमीने पट्टी सोडली. ठेकेदाराने त्याची हजेरी लावून दिली होती, म्हणून तो सरळ घरी गेला. पंप हाऊसला इंटरकॉमवरून ऑल क्लिअर कळवायचं आणि तिथला सप्लाय परत जोडायचं काम माझ्या चेकलिस्टवर होतं. मी न पाहता त्यावर टिक केली होती.

बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं. पंप हाऊसचं शटर आम्ही उचललं तेव्हा आतली हवा तोंडावर आली, भट्टीचं दार उघडल्यासारखी. मोटार चालू होती. प्रल्हाद टेबलाजवळ जमिनीवर पडला होता. अंग कोरडं होतं आणि तापलेलं होतं. डोळे उघडे होते, पण तो मला ओळखत नव्हता. ड्रायव्हरने कॅनमधलं पाणी त्याच्यावर ओतलं. मी नुसता उभा होतो. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पाय तरी धरा ना."

त्याला जिल्हा रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले उष्माघात आहे, चोवीस तास काही सांगता येणार नाही. त्याची बायको माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "साहेब, तिकडं काय झालं होतं?"

मी म्हणालो, "ड्रिल होती."

"मंजे काईच नाई झालं?"

दुसऱ्या दिवशी चीफ साहेबांनी रिपोर्टचा मसुदा समोर ठेवला. ऑपरेटर ड्यूटीवर झोपी गेला, पाणी न पिण्याचा निष्काळजीपणा केला, असं त्यात होतं.

मी म्हणालो, "सर, तो झोपला नव्हता."

"वाचला आहे ना? मग इतकं मनावर घेऊ नका. सही करा."

मी सही केली. तीन दिवसांत ठेकेदाराने प्रल्हादचा गेटपास रद्द केला. गेटपास नाही म्हणजे नोकरी नाही.

पाचव्या दिवशी मी रुग्णालयात गेलो. तो उठून बसला होता. बायको पपई कापून देत होती. मी विचारलं, दोन वाजून गेल्यावर तरी तू बाहेर का नाही पडलास?

"रिलीव्हर नाई आला ना."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. दोनदा शटरपर्यंत गेलो. मंग वाटलं, पंप बंद पडला तर पुरा प्लांट बंद पडन. तुमी नको म्हणलं होतं, तरी मी एकदा इंटरकॉम लावला. कोणी नाई उचलला. मले वाटलं, तिकडं तुमी सारे मेले."

माझ्या टेबलावरचा इंटरकॉम वाजला तेव्हा आम्ही लॉनवर होतो.

परत येऊन मी लॉगबुक मागवलं. एकची नोंद होती. दोनची होती. तीनची होती, आकडे बरोबर होते, पण अक्षर ओळीखाली घसरत गेलं होतं. झोपलेला माणूस नोंदी करत नाही. त्या पानांची झेरॉक्स जोडून मी दुसरा रिपोर्ट लिहिला. पहिला चुकीचा आहे आणि त्यावर माझीच सही आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं. "खरं आहे" हे दोन शब्द मात्र तेव्हाही लिहिले नाहीत. तेवढी हिंमत झाली नाही.

मला मेमो मिळाला, एक इन्क्रिमेंट थांबलं. चीफ साहेबांना ड्रिल यशस्वी केल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं, ते त्यांच्या केबिनमध्ये लावलेलं आहे. दोन महिन्यांनी प्रल्हादचा गेटपास परत झाला. त्या दोन महिन्यांत त्याची बायको रोजीने लोकांच्या शेतात जात होती, पाऊस लागल्यावर धानाच्या खाचरांत रोवणीला.

सामान्य माणूस लढेल का, हा प्रश्न टीव्हीवर अजून ऐकू येतो आणि माझं डोकं भणाणतं. त्या दिवशी आमच्या केंद्रात शेकडो माणसं होती. युद्ध फक्त एकालाच खरं वाटत होतं, आणि तो जागेवरून हलला नाही. आम्हाला खोटं आहे हे ठाऊक होतं, तरी आम्ही सही टाळायला डॉक्टरचे कागद शोधत होतो.

यंदा पुन्हा ड्रिल ठरली. सांगायला मी स्वतः पंप हाऊसवर गेलो. प्रल्हादने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, या टायमाले खरं हाय का खोटं, ते पह्यले सांगा. खरं असन तर मी थांबतो. खोटं असन तर तुमी बसा."

खोटं होतं. मी बसलो. त्याला गाडीने प्लांटवर पाठवलं. कूलर बंद, शटर खाली. विसाव्या मिनिटाला मी शटर हातभर वर केलं. अर्ध्या तासाने ऑल क्लिअर द्यायला इंटरकॉम वाजला, तो प्रल्हादनेच केला होता.

आता ड्रिलच्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवून घेतला आहे. शेवटच्या माणसाला ऑल क्लिअर कोणी सांगितला, किती वाजता, आणि त्या माणसाची सही. ही सही आणल्याशिवाय समोसे मागवायचे नाहीत, हेही मी लिहिलं होतं. तेवढी ओळ चीफ साहेबांनी खोडली.