एकाहत्तरपाशी थांबलेला भागाकार

कुणी ठासून लिहिलेलं तुम्ही स्वतः कधी पडताळून पाहता का?

एकोणीसशे साठच्या सुमारास, बनशंकरीच्या आमच्या घरी, दुपारी गार लाल जमिनीवर पालथा पडून मी बाबांच्या प्रचारपत्रकांच्या कोऱ्या बाजूवर भागाकार करत असे. डोळे जडावले की आकडे संथ पाण्यावरच्या पानांसारखे तरंगत. एकदा दहा हजार एकला एकाहत्तरनेही भाग गेला नाही. मी लगेच वाचनालयाच्या भिंतीवर पत्रक चिकटवलं, 'दहा हजार एक ही मूळ संख्या आहे!'

थोरल्या बहिणीने विचारलं, "कुठपर्यंत भागलंस?"

"एकाहत्तरपर्यंत. पुरे की, अक्का!"

"पुढारी झालास, पण स्वल्पसुद्धा धीर नाही. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार, म्हणून शंभरपर्यंत जायला हवं. त्र्याहत्तर घे."

भाग गेला. उत्तर एकशे सदतीस, बाकी शून्य.

मला स्वतःचाच संताप आला. पत्रक खरवडून काढलं आणि तिथेच दुसरं लावलं, 'कालचं विधान खोटं होतं, चूक माझी.' लोक हसले. हसू देत, भिंतीवर खोटं उरलं नाही.

तुम्ही आता दहा लाख एक ही संख्या घ्या. ती मूळ आहे की नाही, हे मी सांगणार नाही. पेन्सिल घ्या, भागून पाहा, आणि कंटाळून मध्येच थांबू नका.